खुर्ची लिहिलीस का?

माझी नजर काचबिंदूने गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पत्रं मी ऐकते. संगणकात एका बाईचा आवाज आहे, तो पडद्यावर असेल ते वाचून दाखवतो. मी तिला ‘वाचणारी’ म्हणते. चित्रामागे कुणी वर्णन लिहून ठेवलेलं असेल तर वाचणारी ते वाचते. कुणी काहीच ठरवलेलं नसेल तर चित्राच्या फाइलचं नाव, आकडे, जे सापडेल ते बडबडते. आणि चित्र नुसतं शोभेचं आहे असं ठरवून कुणी वर्णनाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली असेल, तर ती तिथून गुपचूप पुढे जाते. तिथे चित्र होतं हेसुद्धा ऐकणाऱ्याला कळत नाही.

खालची पत्रं माझी आणि माझ्या भाचीची. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणापासून अखंड बोलते, म्हणून घरात तिचं नाव टिटवी पडलं. वेबसाइटवरच्या चित्रांची वर्णनं लिहिणं हे तिचं पोटापाण्याचं काम. तिच्या पत्रांत जिथे रिकामी चौकट दिसेल तिथे चित्र होतं, पण मला ते ऐकू आलं नव्हतं. चौकटी नंतर भरून देता आल्या असत्या. मी भरलेल्या नाहीत.

४ फेब्रुवारी

टिटवे,

तू तपासायला पाठवलेली इस्पितळाची पानं ऐकली. पहिल्याच पानावर वाचणारी म्हणाली, “हसणारी परिचारिका.” बरं. मग म्हणाली, “निळी नागमोडी रेघ.” मग पुन्हा “निळी नागमोडी रेघ.” अशा किती रेघा काढून ठेवल्यात तुम्ही? मला डॉक्टरांच्या भेटीची वेळ हवी होती आणि मी रेघांतून पोहत होते.

आणि जिथे तोंड उघडायला हवं तिथे तुम्ही गप्प. नाव नोंदवायच्या पानावर पुढे जायचं बटण मला सापडेना. शेवटी शेजारणीला हाक मारली. ती म्हणाली, “अहो, हा काय बाण आहे!” बाणाचं चित्र! तेच तुमच्यापैकी कुणीतरी शोभेचं ठरवून मुकं केलंय. त्या पानात मी अक्षरशः कोंडले गेले. ज्याने हे केलं त्याचा कान धर. तू केलं असशील तर तुझा तूच धर.

दुसरं म्हणजे, घाबरू नकोस. जिना संपला असं समजून पाय टाकला, तो संपला नव्हता. घोट्याचं हाड मोडलंय, पाय प्लास्टरमध्ये आहे. शेजारची शिवणकाम करणारी येऊन-जाऊन असते, माझं काही अडत नाही. तुझ्या बापाला यातलं सांगू नकोस. ‘मी म्हणालो नव्हतो?’ असं म्हणायला तो टपलेलाच आहे. नजर गेली तेव्हा मी त्याच्याकडे राहायला आले नाही, हा माझा गुन्हा. “मग बस एकटी!” म्हणून त्याने फोन आपटला, तो पुन्हा उचलला नाही. बसले आहे. उत्तम बसले आहे, म्हणावं.

आत्या

९ फेब्रुवारी

आत्या,

कान धरला. माझाच होता. बाण आता बोलतो: “पुढे जा.” नागमोडी रेघा सगळ्या मुक्या केल्या.

पायाचं ऐकून माझ्या तोंडून घरात निघून गेलंच. रागाव हवं तर. बाबा मात्र ‘मी म्हणालो नव्हतो?’ असं म्हणाले नाहीत. तसं त्यांचं बोलणं सध्या कमीच झालंय. घसा बसलाय, बरेच दिवस सुटत नाही. एकदा दाखवून आणते.

पण एक गंमत झाली. आज ते खरखरत्या आवाजात म्हणाले, “माझा एक फोटो काढ आणि ताईला पाठव.”

मी म्हटलं, “बाबा, आत्याला कुठे दिसतंय?”

“तू लिहिणारी आहेस ना? मग लिही.”

काढायला किती वेळ लागला म्हणून सांगू! फोटो फ्रेम करायचं दुकान बंद केलं, पण फ्रेमवाला काही अंगातून जात नाही. “थोडी मागे हो. अजून मागे. सगळं चौकटीत आलं पाहिजे.” मी म्हटलं, आता भिंतीतून बाहेर जाऊ का? पाठवते आहे.

[चित्र: बाबा गॅलरीत बसले आहेत. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर.]

जमलंय का?

तुझी टिटवी

१३ फेब्रुवारी

टिटवे,

वर्णन चांगलं आहे. आटोपशीर, कुठेही फापटपसारा नाही. चष्मा कपाळावर हे ऐकून बरं वाटलं. थोड्या वेळाने तोच चष्मा घरभर शोधला असेल आणि तुझ्यावर ओरडला असेल.

पण मला फोटो पाठवण्याचं हे काय नवीन? फोन उचलून ‘ताई, पाय कसा आहे’ एवढं विचारायला काय होतं? म्हणे घसा बसलाय! बोलायचं नसलं की त्याचा घसा लहानपणापासून बसतो. आमच्या घरात ‘माझं चुकलं’ हे शब्द कुणी कधी उच्चारले नाहीत, तो आता म्हातारपणी काय उच्चारणार! आणि तो बोलत नाही तोवर मीही बोलणार नाही.

कामाचं सांगते. शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा पोरं नकाशातल्या समुद्रात देवमासा काढायची, कोपऱ्यात वेलबुट्टी काढायची. मी त्याला गुण देत नसे आणि कापतही नसे. उत्तरेचा बाण राहिला तर मात्र शून्य. एकदा एकीने बाणालाच फुलं-पानं काढली आणि मला विचारलं, “बाई, मग हा पण शोभेचाच का?” मी म्हटलं, “वेल खोडून टाकली तर कुणी रस्ता चुकेल का?” “नाही, बाई.” “आणि बाण खोडला तर?” तिला कळलं.

तूही तेवढंच विचार. चित्रात काय आहे हे नंतरचं, ते तिथे कशाला आहे हे आधी. ज्याच्यावाचून वाचणाऱ्याचं काही अडत नाही ते खुशाल मुकं ठेव.

आत्या

६ मार्च

आत्या,

पत्राला उशीर झाला. दिवस कसे जातात कळत नाही.

तुझा देवमासा मी ऑफिसात सांगितला. आता बिनकामाची रेघ दिसली की सगळे “देवमासा!” म्हणून ओरडतात. साहेबसुद्धा. एका डॉक्टरबाईंचा फोटो पहिल्या पानावर आहे आणि त्यांच्या स्वतःच्या पानावरही आहे. पहिल्या पानावर त्या देवमासा, कारण तिथे कुणीही हसणारं माणूस चाललं असतं. त्यांच्या पानावर मात्र नाव घालून लिहिलं. चित्र तेच. हे तू सांगितलंस त्यावरून सुचलं.

मागच्या दाराच्या उताराचा फोटोही कुणीतरी मुका करून ठेवला होता. तो मी परत बोलता केला. व्हीलचेअर घेऊन येणाऱ्याला तोच एक रस्ता आहे. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत. उतार संपला की डावीकडे वळण येतं, ते इतकं अरुंद आहे की भिंतीला हात खरचटतो. तेही लिहिलं.

बाबा ठीक आहेत. जरा पडून असतात.

[चित्र:          ]

एक विचारायचं होतं. समज, एखादं चित्र असं आहे की त्याने वाचणाऱ्याला नुसता त्रास होईल. आणि कळूनही त्याला करता येण्यासारखं काहीच नाही. जागचं हलताही येत नाही. मग ते मुकं ठेवलं तर चालेल का?

टिटवी

१० मार्च

टिटवे,

उताराचं वळण इतकं बारीक लिहिलंस, म्हणजे स्वतः जाऊन बघून आलीस. शाब्बास. खुर्चीत बसून वर्णनं लिहिणारे खूप आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. इस्पितळाचं पान आहे, त्यावर जखमेचं चित्र असणारच. त्याआधी एक ओळ घाला की पुढे असं असं आहे, म्हणजे ज्याला नको तो वळून जाईल. पण त्याला नको हे तू ठरवायचं नाही. माझे डोळे जाणार हे डॉक्टरांनी तुझ्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी तिथेच बसलेली. डॉक्टरांना वाटलं असावं, हिला नीट दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही. मी त्यांना म्हटलं, “डॉक्टर, डोळे माझे आहेत, इकडे तोंड करून बोला.”

निरुपयोगी आहे म्हणून गप्प बसावं. दुखेल म्हणून गप्प बसलीस तर ते दुसऱ्याचं तोंड दाबणं होतं.

आणि तुझ्या बापाला म्हणावं, पडून काय राहतोस? त्याला हाताला काम हवं. दुकान बंद करू नको म्हणून मी तेव्हाच सांगत होते. पण मी सांगितलं म्हणूनच बंद केलं असेल.

आत्या

३० मार्च

आत्या,

तुझं मागचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

प्लास्टर कधी निघणार? निघेल त्या दिवशी लगेच कळव. मी येऊन तुला घेऊन जाईन. समोरासमोर एक बोलायचं आहे, पत्रात नको.

[चित्र:          ]

बाबा विचारत होते, ताई काय म्हणते. मी म्हटलं, काही नाही म्हणाली.

टिटवी

८ एप्रिल

टिटवे,

प्लास्टर निघणार होतं, नाही निघालं. हाड नीट धरलेलं नाही म्हणे, अजून महिनाभर असंच. डॉक्टर म्हणाले, या वयात वेळ लागतो. मी म्हटलं, तुमच्या वयातही तुम्हाला वेळ लागतोच आहे. शेजारीण हसली. डॉक्टर हसले नाहीत.

तुझं पत्र फार आकसलं आहे. टिटवी अशी तीन ओळींत संपते का? समोरासमोर काय बोलायचं ते मी ओळखलं आहे. कुणीतरी आहे ना? असेल तर त्यात तोंड लपवण्यासारखं काय आहे? घेऊन ये. मला दिसत नसलं तरी माणूस दार कसं लावून घेतो यावरून मला पुष्कळ कळतं. बाप आडवा येत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवून दे.

ताई काय म्हणते, असं विचारतो? मी काय म्हणायचं? त्याने मला काही विचारलंय का? विचारू दे, मग म्हणेन.

आत्या

२१ एप्रिल

आत्या,

तसं कुणी नाही. असतं तर किती बरं झालं असतं. हसत हसत सांगितलं असतं.

इस्पितळाची पानं सुरू झाली. लोकांना आवडली. पायाला जप. शेजारीणबाईंना माझा नमस्कार सांग. मला लिहायला सुचत नाही म्हणून थांबते.

[चित्र:          ]

[चित्र:          ]

टिटवी

२५ एप्रिल

आज शेजारीण पडद्याच्या काठाला शिलाई घालायला आली होती. मी तुझं पत्र पुन्हा ऐकत बसले होते. ते आकसलेलं पत्र माझ्या मनातून जात नव्हतं. ती माझ्यामागून म्हणाली, “अगबाई, हे कोण हो? किती वाळलेत!”

मी म्हटलं, “कोण कोण?”

“हे काय, फोटोतले.”

“या पत्रात फोटो नाही.”

“अहो ताई, दोन आहेत.”

मी तिला मागची पत्रं उघडायला लावली. मार्चपासून प्रत्येक पत्रात आहे. मी तिला म्हटलं, जे दिसतंय ते सांग. ती बिचारी शिवणकाम करणारी, तिला काय सांगता येणार? “गळ्यात नळी आहे,” म्हणाली. “डोळे तुमच्यासारखे आहेत.” मी विचारलं, आणखी काय आहे? म्हणाली, “आणखी काही नाही हो, घरातलंच सामान.” मग तिला रडू आलं. मी तिला पाणी दिलं.

माझा भाऊ तू वेलबुट्टीत घातलास.

मी उद्या सकाळच्या बसने निघते. पाय प्लास्टरसकट येईल. शेजारीण सोबत आहे. त्याला सांग, ताई निघाली. आत्ताच्या आत्ता, त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांग.

२४ मे

आत्या,

निघताना तू दारात म्हणालीस, “सगळी लिहून पाठव.” त्यानंतर रोज बसत होते. आज लिहिते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इस्पितळात होते. ते मी वाचलं दुसऱ्या दिवशी, बाबा गेल्यावर. म्हणजे तू निघालीस हे मी त्यांना सांगितलं नाही. ते त्यांना माहीत नव्हतं. ही गोष्ट तुला तोंडाने सांगायची माझी हिंमत झाली नाही. तू राहिलीस तेवढे दिवस तू मला विचारलंही नाहीस.

तू पोचलीस तेव्हा त्यांना घरी आणून त्यांच्या खाटेवर ठेवलं होतं. तू त्यांच्या कपाळावरून हात फिरवलास, मग गालावरून. गळ्याशी आलीस आणि हात तिथेच थांबला. मी तुला धरून बसवलं. तू तिथे बसून राहिलीस, माणसं त्यांना न्यायला आली तरी तू उठत नव्हतीस.

मी असं का केलं ते लिहिते. मला माफ कर असं त्यात कुठे दिसलं तर ते खोडून वाच.

तुझा पाय मोडलेला, त्यात बाबांचा घसा दाखवला तर कर्करोग निघाला. तेव्हा त्यांनी मला बजावलं, “माझ्या आजाराचं ताईला लिहायचं नाही. ती कीव करून येईल, मला तशी नको. फोटो पाठवायचा आणि फोटोत दिसतं ते लिहायचं.” पहिल्या फोटोत आजार दिसत नव्हता. नंतर फोटोत आजाराखेरीज काही उरलंच नाही. ते लिहिलं असतं तर तू तशा पायाने निघाली असतीस आणि वाटेत पडली असतीस, असं मला वाटलं. म्हणून फोटो पाठवले आणि वर्णनाची जागा रिकामी ठेवली. फोटो पाठव म्हणाले, पाठवले. आजार सांगू नको म्हणाले, सांगितला नाही. दोन्ही शब्द पाळले, असं मी स्वतःला समजावलं. तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं की सगळं सांगणार होते. ते निघालं नाही.

आता चित्रं.

पहिलं, तुला ऐकू आलेलं: बाबा गॅलरीत बसले आहेत. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. त्यांच्या उजव्या बाजूला वेताची रिकामी खुर्ची. ती तेव्हाही होती. मी लिहिली नव्हती.

सहा मार्चचं: बाबा गॅलरीत. गळ्याला पट्टी. शर्ट कुणा दुसऱ्याचा वाटावा इतका सैल, पण तो त्यांचाच. ओठ मिटून हसताहेत. शेजारी तीच खुर्ची, आधीपेक्षा जवळ.

तीस मार्चचं: बाबा खाटेवर, उशीला टेकून. गळ्यात नळी. मांडीवर पाटी, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. खाटेला लागून खुर्ची. तिच्यावर मी औषधं ठेवली होती, ती त्यांनी फोटोआधी उचलायला लावली.

एकवीस एप्रिलची दोन. एक: बाबा कुशीवर झोपलेले, डोळे उघडे, बघताहेत कॅमेऱ्याकडे. त्यांच्या तोंडासमोर खुर्ची. तिच्या डाव्या हाताचा वेत सुटलेला आहे आणि टोक बाहेर आलंय. दुसरं: मी त्यांचा चेहरा चौकटीत घेत होते, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. म्हणून चेहरा अर्धाच आला आहे. सगळा फोटो खुर्चीचा आहे आणि बसायच्या जागेवर त्यांचा हात, पालथा.

आवाज गेल्यापासून ते पाटीवर लिहून बोलायचे. प्रत्येक फोटो पाठवला की पाटी पुढे करायचे, “खुर्ची लिहिलीस का?” मी हो म्हणून मान हलवायचे. काही दिवसांनी पुन्हा पाटी. “ताई काय म्हणते?” मला वाटायचं, हे फ्रेमवाल्याचं वेड आहे. दुकानात ते म्हणायचे, एकटा माणूस चौकटीत लंगडा दिसतो, जोडीला काहीतरी हवं. जोडीला खुर्ची हवी असेल, असं मी धरून चालले.

ते तसं होतं का, आत्या?

टिटवी

२ जून

टिटवे,

तुझं पत्र वाचणारीने वाचलं. मग शेजारणीला बोलावून तिच्या तोंडून ऐकलं. वाचणारीला कुठे थांबावं ते कळत नाही.

ते तसं नव्हतं.

आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती हे तुला लिहिलं होतं. मग भांडणं मिटायची कशी, हे तू कधी विचारलं नाहीस. ज्याला मिटवायचं असेल तो आपल्या शेजारी एक खुर्ची ओढून ठेवायचा आणि दुसरीकडे तोंड करून बसायचा. दुसऱ्याने यायचं आणि बसायचं. संपलं. कुणी एक शब्द बोलायचा नाही. भांडण कशाचं होतं हेही काढायचं नाही. आमच्या आईला स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला की ती समजायची.

खुर्ची ओढायचे ती नेहमी मी. मी मोठी, मला आधी वाईट वाटायचं. तो कधी ओढत नसे. पुढे त्याचं लग्न झालं, दुकान झालं, तू झालीस, तरी आमची भांडणं चालूच होती, आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुकानात जाऊन स्टूल ओढलं ते मीच. या शेवटच्या खेपेला मी ठरवलं होतं, आता नाही. आता त्याची पाळी.

त्याने ओढली. या चित्रांत ओढली. मला दिसत नाही हे त्याला माहीत होतं, पण घरात लिहिणारी मुलगी आहे यावर त्याने भिस्त ठेवली. आणि तो पाटीवर ‘ताई काय म्हणते’ लिहीत होता तेव्हा मी इथे बसून तुला लिहीत होते, त्याने मला काही विचारलंय का.

तू मला धरून बसवलंस ती वेताची खुर्ची होती. तिच्या डाव्या हाताचा वेत तुटला आहे, टोचतो. मी त्या टोकावर अंगठा दाबून बसले होते, दुसरं काही धरायला नव्हतं म्हणून. अंगठ्याला अजून खूण आहे. म्हणजे मी त्या खुर्चीत बसले. त्याच्या शेजारी बसले. त्याला कळलं नाही, मलाही कळलं नाही.

तुझ्यावर मी रागावले आहे. हा राग लवकर जाईल असं मला वाटत नाही आणि तो घालवण्याची मला घाई नाही. तू आजार लपवलास त्याचा मला इतका राग नाही. ते त्यानेच तुला सांगितलं होतं आणि तूही पाय मोडलेल्या बाईचा विचार केलास. पण तो विचारत होता आणि तू मान हलवत होतीस. एवढं एकच काम त्याने तुझ्यावर सोपवलं होतं. माणूस आपल्या फोटोपेक्षा एका लाकडाच्या आणि वेताच्या वस्तूबद्दल दर खेपेला विचारतो, तर ती तिथे कशाला आहे, असं तुझ्या मनात यायला हवं होतं. ते मी तुला शिकवलं होतं.

ती खुर्ची कुणाला देऊ नकोस आणि तिचा वेतही बदलू नकोस.

कालच शेजारणीकडून माझा एक फोटो काढून घेतला आहे. तिला बराच वेळ मागे मागे सरकवावं लागलं, सगळं चौकटीत यावं म्हणून. शेवटी ती दाराच्या बाहेर गेली आणि तिथून काढला. मागचं वर्णन मी सांगितलं तसं तिने टाइप केलं आहे. तू या कामातली आहेस, चुकलं असेल तर सांग.

आत्या

[चित्र: आत्या खिडकीशी बसली आहे. तोंड दुसरीकडे. शेजारी एक रिकामी खुर्ची.]